रहाडीतलं हसू

वास आधी आला, गर्दी नंतर दिसली. उकळलेल्या फुलांचा वास होता तो, थोडा गोड, थोडा कडवट, आणि त्याच्या तळाशी वर्षभर मातीखाली राहिलेल्या दगडाचा दमट, थंड गंध. फाल्गुनातलं ऊन सकाळी कोवळं असतं, पण दुपारपर्यंत त्याला धार येते, आणि जुन्या नाशकातल्या त्या अरुंद गल्लीत उन्हाखाली तो वास जड होऊन जमिनीलगत साचला होता. एरवी तिथून रिक्षा जातात, दुधाच्या गाड्या जातात, आणि चाकांखाली एक चौकोनी दगडी हौद फळ्या आणि माती पांघरून निजलेला असतो. त्याला रहाड म्हणतात. वर्षातून एकदा, रंगपंचमीला, माती उपसून ती उघडतात, पूजा करतात, रंगाने काठोकाठ भरतात आणि माणसं तिच्यात उड्या घेतात. एका उडीत माणूस नखशिखांत केशरी होऊन वर येतो. मग तो डॉक्टर असो की हमाल, सगळे एकाच मातीतून नुकतेच घडवल्यासारखे दिसतात.

मी नाशिकचीच, तरी चोविसाव्या वर्षापर्यंत रहाड पाहिली नव्हती. आमच्या घरी रंगपंचमी फारशी खेळली जात नसे. देवळाली कॅम्पातल्या माझ्या इंग्रजी शाळेत वर्गात मराठी बोललं की वहीत नाव लिहिलं जाई, आणि घरी इंग्रजी बोललं की मावशा हसत. हळूहळू मी दोन्ही भाषांत कमी बोलू लागले. पाहणं मात्र वाढत गेलं. फोनमध्ये कॅमेरा आला तेव्हा मला वाटलं, न बोलणाऱ्या माणसासाठीच कोणीतरी ही सोय केली आहे. मी लहान लहान चित्रफिती काढत असे. गोदेच्या पायऱ्यांवर वाळणारी धोतरं, भाजीवालीचे पाणी शिंपडणारे हात, डिसेंबरच्या धुक्यात शेकोटीपाशी बसलेला पहारेकरी. इंटरनेटवर त्या टाकायच्या जागेला मी माझं नाव दिलं नव्हतं आणि तिथे माझा एकही फोटो नव्हता. नात्यातल्या लग्नांतही गट-फोटोच्या वेळी मी पुढे होऊन म्हणायची, द्या, मी काढते. स्वतःचा चेहरा मी फार जपला. दुसऱ्याचाही तितकाच जपायचा असतो, हे एकदाही मनात आलं नाही, याचं आज आश्चर्य वाटतं. तेव्हा त्याला मी सौंदर्यदृष्टी म्हणत होते.

त्या दुपारी काही वेळ फक्त बायकांसाठी राखलेला होता. गल्लीच्या तोंडाशी दोघेजण उभे राहून पुरुषांना परत पाठवत होते, कोणी फोन उंचावला तर खाली करायला लावत होते. मला त्यांनी अडवलं नाही. मुलगी म्हणून मी आत गेले. तो विश्वास माझ्या हातातल्या फोनसकट आत आला.

ती पस्तीस-चाळिशीची असेल. हौदाच्या काठावर बराच वेळ ती पदर खोचून नुसतीच उभी होती, आणि तिच्यासोबतची एक ठेंगणी बाई तिला कोपराने ढोसत होती. ती मान हलवत मागे सरकायची, पुन्हा पुढे यायची. अखेर तिने डोळे घट्ट मिटले आणि उडी घेतली. रंग उसळून काठावरच्या बायकांच्या अंगावर गेला. ती वर आली तेव्हा केस, भुवया, ओठ सगळं एका रंगाचं झालं होतं, आणि ती हसत होती. आधी जुन्या सवयीने तिने हाताची मागची बाजू तोंडावर नेली. मग, आता झाकायचं काय राहिलंय, असं वाटल्यासारखा तो हात खाली आला, मान मागे गेली, आणि ते हसू कोणाचीही परवानगी न घेता त्या चौकातून वर आकाशाकडे गेलं. एकोणीस सेकंद माझा फोन चालू होता. मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभी होते. आमच्यामध्ये दहा पावलांचं अंतर होतं.

विचारावं, असं वाटलं होतं. वाक्यही मनात तयार केलं, तुमचा व्हिडिओ काढलाय, टाकला तर चालेल का. पण दहा पावलं चालत जायचं, ओल्या, हसणाऱ्या अनोळखी बायकांच्या घोळक्यात शिरायचं, सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं, या कल्पनेनेच मी पायरीवरच थांबले. मग मनाने माझी समजूत घातली. रंगाने भरलेला चेहरा कोणाचाच चेहरा नसतो. शिवाय कोणाच्या आनंदात व्यत्यय न आणणं ही सभ्यताच नाही का?

संध्याकाळी देवळालीच्या बसमध्ये बसून मी ती चित्रफीत टाकली. खाली एक शब्दही लिहिला नाही.

दोन दिवसांत ती हजारो लोकांनी पाहिली. सुरुवातीला लोक लिहीत होते, किती निर्मळ, किती जिवंत. ते शब्द मला लिहिले आहेत असं समजून मी सुखावत होते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी चित्र थांबवून, मोठं करून पाहिलं आणि लिहिलं, गळ्यात काही दिसत नाही. त्याखाली आणखी कोणी, ही तर आमच्याकडची सून. त्याखाली, नवरा जाऊन सहा महिने नाही झाले. चेहऱ्यावरून तिला कोणी ओळखलं नव्हतं. तोंडावर हात नेण्याच्या लकबीवरून ओळखलं होतं, जी तिच्या सासरच्या गावाने प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवात पाहिली होती. रंग त्वचेवर बसतो, लकबीवर बसत नाही, एवढी साधी गोष्ट दिवसभर माणसं पाहत बसणाऱ्या मला कळू नये.

मग तिच्या मुलीचा निरोप आला. 'ताई प्लीज तो व्हिडिओ काढा. ती माझी मम्मी आहे.'

मी तत्क्षणी काढला. पण तोवर त्याला पाय फुटले होते. कोणी त्यावर गाणं चढवलं होतं, कोणी हशा. ज्यांनी ज्यांनी तो उचलला होता त्या प्रत्येकाला मी विनंती करत सुटले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने दिलं. 'पब्लिक प्लेस आहे मॅडम. तुम्ही तरी विचारलं होतं का तिला?' त्या वाक्यातला टोमणा मी आजही बाजूला सारू शकत नाही, कारण त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. चौक सगळ्यांचा असतो, हे खरं आहे. चौकात आलेली बाई सगळ्यांची नसते, हेही खरं आहे. पण हे दुसरं वाक्य उच्चारण्याचा अधिकार मी स्वतःच्या हाताने घालवला होता. रंगपंचमी सरली की रहाडीवर पुन्हा फळ्या टाकतात, माती लोटतात, रंग आत मुरून जातो आणि वरून रिक्षा धावू लागतात. त्या शहराला झाकायचं कसं ते ठाऊक होतं. मी जे उघडलं त्यावर लोटायला माती नव्हती.

मुलीकडून तुकड्यातुकड्यांत कळत गेलं. आई एका वसतिगृहात स्वयंपाक करायची, दोघी तिथेच जवळ एका खोलीत राहायच्या. वडील गेल्यावर गावच्या मंडळींनी, मुलीची बारावी होईपर्यंत राहा नाशकात, असं कसंबसं मान्य केलं होतं. मुलगी अकरावीला होती. चित्रफीत पसरल्यावर आठवड्याभरात काका गाडी घेऊन आले. तिचा शेवटचा निरोप होता, 'आम्ही गावी आलोय. कॉलेजचं माहीत नाही.' मी लिहिलं, मला भेटायला यायचंय. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'या. पण तुम्ही कोण ते सांगू नका. क्लासच्या मॅडम म्हणून या.'

कळवणच्या बाजूचं ते गाव. त्याचं नाव मी लिहीत नाही, तिचंही नाही. चैत्रात बसच्या दोन्ही बाजूंना उपटलेला कांदा शेतात पसरलेला होता आणि त्याचा उग्र वास खिडकीतून आत येऊन डोळ्यांना झोंबत होता. दूर डोंगरांच्या कडा उन्हाच्या धुरकट पडद्यामागे पुसट झाल्या होत्या. वाटभर मी एकच वाक्य घोकत होते. माझी चूक झाली, मला माफ करा. शाळेत पाठांतराची कविता घोकावी तसं.

ओसरीत तिच्या सासूबाई मिरच्या निवडत बसल्या होत्या. मॅडम आल्या म्हटल्यावर त्यांनी हात धुऊन मला पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला, आणि नातीला पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसवलं. 'एवढ्या लांबून आल्याय तर जरा शिकवा तिला.' मग आम्ही दोघी अर्धा तास इंग्रजीचा एक धडा वाचत बसलो. मुलगी खाली मान घालून स्पष्ट आवाजात वाचत होती, मी अर्थ सांगत होते, आणि एका वाक्यापाशी तिचं बोट थांबलं तेव्हा मी पान उलटलं.

'पोरगी हुशार शे ना?' सासूबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. तिला नाशकातच शिकू द्या, असंही म्हटलं. मॅडमच्या उसन्या आवाजात ते मला जमलं.

'पाठवली असती,' त्या म्हणाल्या. 'एकटीला कशी पाठवू? अन् आता तिच्या आईला कोणत्या तोंडानं पाठवू?' बोटं मिरचीचे देठ मोडत राहिली. 'लोक फोन घेऊन घरी आले, मॅडम. म्हणे, बघ आजी, तुझी सून. मला आधी वाटलं कोणी नाटकातली बाई हाय. मग तिनं तोंडावर हात नेला.' त्यांनी निवडलेल्या मिरच्या बाजूला ओढल्या. 'माझ्या पोराचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून.'

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याच्या आड उभं राहता आलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहून, एखाद्या शिकलेल्या माणसाला विचारावं तसं, खरोखर उत्तर हवं म्हणून विचारलं, 'ज्यानं काढला, त्याला काय मिळालं असंल हो?'

मी म्हणाले, 'माहीत नाही.' आणि बशीतला चहा संपवला.

बशी ठेवायच्या निमित्ताने मुलीने मला मागच्या अंगणात नेलं, तिथे तिची आई पाण्याच्या टाकीपाशी भांडी घासत होती. दोरीवर तिची साडी वाळत होती, आणि काठाला न गेलेला केशरी डाग होता. मुलीने हलक्या आवाजात मी कोण ते सांगितलं. तिने हात थांबवले नाहीत. मी पाठ केलेलं वाक्य बोलले. ते इतकं लहान होतं की टाकीत पडणाऱ्या पाण्याच्या धारेत बुडून गेलं.

'दाखव,' ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. सगळ्या गावाने पाहिलेली ती चित्रफीत तिने स्वतः पाहिलीच नव्हती, तिला कोणी दाखवलीच नव्हती. मूळ प्रत माझ्या फोनमध्ये होती. तिने हात पदराला पुसले. ओसरीकडे एकदा पाहून मी आवाज बंद केला. ती पाहत राहिली. संपल्यावर बोटाने खूण केली, पुन्हा. मग आणखी एकदा. आवाज नसलेलं ते हसू तिच्या डोळ्यांपुढून तीनदा गेलं.

'मी अशी हसते व्हय,' ती स्वतःशीच म्हणाली. 'ह्यांनी पण कधी सांगितलं नाय.' मग पदर खोचत, 'मी नगंच म्हणत होते. शेजारीण म्हणली, रंगात कोण कोणाला वळखतं.'

म्हणजे आम्ही दोघींनी त्या रंगावर एकच भरवसा ठेवला होता.

'तू कुठं उभी व्हतीस?'

'समोरच्या दुकानाच्या पायरीवर.'

तिने मनातल्या मनात तो चौक मोजला असावा. 'इतक्या जवळ? मग हाक मारायची ना. सरकले असते मी.'

 तिने तक्रार केली नव्हती. रस्त्यात उभ्या माणसाला, जरा बाजूला व्हा, म्हटल्यावर तो होतो, इतक्या सहजपणे ती म्हणाली होती. दहा पावलं आणि एक हाक, एवढंच तर होतं.

'काढून टाक आता,' ती म्हणाली. मी पुसलं. पुसलेलं जिथे काही दिवस पडून राहतं तिथूनही पुसलं. तिने वाकून खात्री केली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. क्षमेचा विषय निघाला नाही. मीही पुन्हा काढला नाही.

परतीच्या बसमध्ये मला जाणवलं की ते हसू आता असंख्य अनोळखी फोनांत आहे, गाण्यासकट, हशासकट, आणि फक्त दोन ठिकाणी नाही. माझ्याकडे नाही, आणि त्या घरात नाही. मुलीचा फोन हल्ली लागत नाही. हे लिहू का, असं तिच्या आईला विचारायचं होतं, तेही राहिलं. नावं गाळली म्हणजे माणूस गळतो का, हे मला माहीत नाही. रंगाबद्दलही मी असंच काहीतरी समजले होते.

उन्हं उतरली होती. पुढच्या सीटवरच्या एका बाईने खिडकीबाहेरचा तांबूस डोंगर टिपायला फोन वर केला, मग सेल्फी काढतात तसा तो आपल्या मांडीवरच्या लेकराकडे वळवला. लेकरू खिदळत होतं. त्याच्या खांद्यामागे, पडद्याच्या कोपऱ्यात, माझा चेहरा होता, कांद्याने किंवा कशाने तरी लाल झालेल्या डोळ्यांचा. तिने पाहिलंही नसेल. आमच्यात दीड हाताचं अंतर होतं. ताई, मला त्यात घेऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. माझा हात आपोआप उचलला गेला आणि त्याची मागची बाजू तोंडावर येऊन थांबली. दिंडोरी मागे पडली, शहराचे पहिले दिवे दिसू लागले, तरी ते वाक्य माझ्या हातामागेच होतं.