पश्चिमेच्या खिडकीतला मेंढपाळ

माझे सासरे लोटन आबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दोंडाईच्याहून एसटीने अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि दवाखान्याच्या आवारातच आमचं छोटंसं चर्च. जन्मभर औषधं कालवणाऱ्या या माणसाने कधी कुणापुढे हात पसरला नाही. रिटायर झाले आणि मात्र एकच धोशा लावला: चर्चच्या पश्चिमेच्या खिडकीत द्रौपदाच्या आठवणीला रंगीत काच बसवायची. द्रौपदा म्हणजे माझ्या सासूबाई. या हट्टापायी घरादाराच्या नाकी नऊ आले, आणि सर्वांत जास्त आबांच्याच.

सासूबाई त्याच दवाखान्यात दाई होत्या. मे महिन्यात एका वाडीवरचं बाळंतपण उरकून पायी परतताना त्यांना ऊन लागलं आणि त्या वाटेतच कोसळल्या. झिपरू हा ठेलारी, म्हणजे आमच्याकडचा मेंढपाळ, जवळच मेंढ्या चारत होता. मेंढ्या तिथेच सोडून त्याने त्यांना खांद्यावर घेतलं आणि त्या भाजत्या उन्हात दवाखान्यात आणून पोचवलं. त्या वाचल्या नाहीत. पण दोन दिवस शुद्धीवर होत्या, आबांशी बोलल्या. ते दोन दिवस मला झिपरूने दिले, असं आबा म्हणायचे.

असली काच करणारे लोक कलकत्त्याला आहेत, हे चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं. झालं! तेव्हापासून पोस्टमन दिसला की आबा दारात. कधी तिकडे भट्टी बंद, कधी कारागीर आजारी. एकदा तर पेटी स्टेशनवर उतरली आणि आत नुसता चुरा. आबा त्या पेटीवर बसून राहिले. मी म्हटलं, आबा, आता पुरे करा. त्यांनी चुरा पोत्यात भरला आणि पुन्हा काम सांगितलं.

चित्र चांगल्या मेंढपाळाचं, म्हणजे प्रभू येशूचं, खांद्यावर कोकरू. मेंढपाळ आपल्या मुलखातला दिसावा, लांब झग्यातला परका नको, हे खुद्द आमच्या चर्चच्या पंचांनीच ठरवलेलं. पण कलकत्त्याच्या माणसाने ठेलारी कुठे पाहिलाय? म्हणून आबांनी झिपरूला दोंडाईच्याच्या स्टुडिओत नेलं. लाल पागोटं, धोतर, खांद्यावर खरं कोकरू, असा फोटो काढून पाठवला. फक्त पेहराव घ्या, चेहरा नको, हे लिहायचं एवढ्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

दुसरी पेटी धड आली. काच दारातल्या उजेडात उभी धरली, तर समोर झिपरू! तेच बसकं नाक, तोच एक डोळा बारीक. आबांच्या डोळ्यांना धार लागली. पंचांचे मुखिया रतिलाल सर मात्र गोरेमोरे झाले. प्रभूच्या जागी हा? शेतात मेंढ्या घुसवून शिव्या खाणारा, बाजाराच्या दिवशी झोकांड्या देणारा? याच्यापुढे प्रार्थना कशी करायची? चेहरा बदला, नाहीतर काच लागणार नाही, असं त्यांनी बजावलं.

मला असा संताप आला म्हणता! दवाखान्यात नर्सची ड्यूटी करून अंग आंबलेलं, तरी मी भांडायला उभी राहिले. पण आबांनी मला हाताने खाली बसवलं. परत कलकत्ता, परत पोस्टमन, परत स्टेशन; त्यांच्यात त्राणच उरलं नव्हतं. "करा," एवढंच म्हणाले.

स्टँडवर पाट्या रंगवणारा पेंटर आणला. काच टेबलावर आडवी ठेवून त्याने ऑइलपेंटने नवा चेहरा काढला, गोरा, छान दाढीवाला. सगळे खूश झाले. गवंड्याने काच बसवली आणि सिमेंट सुकेपर्यंत बाहेरून गोणपाट लावून ठेवलं.

रविवारी संध्याकाळच्या उपासनेला गोणपाट काढलं. मावळतीचं ऊन आत आलं, पागोटं लाल पेटलं, कोकरू पांढरं झालं, भिंतीवर रंग सांडले. आणि चेहऱ्याच्या जागी काळा ठिक्कर डाग. ऑइलपेंटमधून ऊन येतंय होय? रतिलाल सर गीतांच्या पुस्तकात तोंड घालून बसले.

उपासना संपली, लोक पाय न वाजवता निघून गेले. आबा बाकावरून हलेनात. मी म्हटलं, चला, घरी चला. ते खिडकीकडेच बघत अहिराणीत बोलले. ती बाहेर कधी बोलत नसत, फक्त सासूबाईंशी बोलायचे.

"मी थकी गऊ, म्हनीसन हां म्हनी टाकं. तिले खांदावर लई उना तवय तो नही थकना."

सासूबाईंना खांद्यावर आणताना झिपरू थकला नव्हता, आणि आपण थकून हो म्हटलं! मला रडू फुटलं. तशीच वॉर्डात गेले, स्पिरिटची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन आले. खालचा झिपरूचा चेहरा भट्टीत भाजलेला, त्याला काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. आबांनी स्टूल धरलं आणि मी वर चढले.