सासूबाईंचं धरणं

मी अमरावतीत पोलीस शिपाई होते तेव्हा सासूबाई माझ्याकडे राहायला आल्या. मुलगी लहान होती. नवरा अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये. तो रविवारी यायचा आणि त्या रविवारी मी बहुधा कुठल्यातरी बंदोबस्तावर असायचे. म्हणून हिवरखेडचं घर दिरावर सोपवून सासूबाई पोलीस लाइनीतल्या आमच्या दोन खोल्यांत आल्या. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला इथली रिकामी दुपार खायला उठायची. मग त्या लाइनीतल्या बायकांत जाऊन बसू लागल्या.

बायकांचं बोलणं सारखं एकाच गोष्टीवर यायचं. सकाळी गेलेला माणूस परत कधी येईल याचा नेम नाही, आठवड्याची सुटी कागदावरच, पगार कामाच्या मानानं तुटपुंजा, क्वार्टरचं छत गळतं. पोलिसाला संघटना काढता येत नाही की मोर्च्यात जाता येत नाही. त्याच्या बायकोला मात्र कोणी अडवू शकत नव्हतं. निवडणूक जवळ आली होती. शेजारच्या भाभींचे मिस्टर आमच्याच ठाण्यात हवालदार होते. भाभींनी कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरायचं ठरवलं आणि परवानगीही काढली.

"मीबी जातो," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुमी काहून जाता? साहेब मले काय म्हणतीन?"

"तुह्या साहेबाची नोकरी मी करत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीत बंदोबस्ताचे पॉईंट वाटले गेले, आणि माझा पॉईंट नेमका धरण्यावर निघाला. माझी सासू तिथं बसणार आहे हे मी साहेबांना सांगितलं नाही. सांगून पॉईंट बदलला असता की चौकशी मागे लागली असती, याचा अंदाज येईना.

मंडपात सासूबाई पुढच्याच ओळीत बसल्या होत्या. मुलीला लाइनीतल्या एका म्हाताऱ्या बाईकडे ठेवून आल्या होत्या. अनोळखी शिपायाकडे बघावं तशा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही तसंच केलं.

दुपारी सत्ताधारी पक्षाचे पुढारी आले. ते बोलत असतानाच विरोधी पक्षाचेही आले, कारण कॅमेरे तिथंच होते. भरती कोणी थांबवली, घरं कोणी मंजूर केली, पगारवाढीची फाईल कोणाच्या काळात अडली, यावर दोघांची जुंपली. दोघांनाही पोलिसांचा अभिमान होता. सत्ताधारी पुढाऱ्यानं मधेच माझ्याकडे हात केला. "ही आमची बहीण बघा, सकाळपासून उन्हात उभी आहे!" कॅमेरे वळले. मी समोर बघत राहिले. माझ्याच पगाराबद्दल चाललेल्या वादात मला होय किंवा नाही अशी मानही हलवता येत नव्हती. तेव्हा त्याचं विशेष काही वाटलं नाही. पाय दुखत होते, तेवढं आठवतं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. माईक त्यांनी मागितला नाही. शेतात हाक मारायची सवय असलेला आवाज होता तो.

"त्या बहिणीले इचारा बरं, सकाळपासून लघवीले गेली काय?"

मंडपात कोणीतरी हसलं.

"बंदोबस्त असला का ही पोरगी पाणी पेत नाही. काहून, तर जाईन कुठं? माही सून हाय, मले सारं माईत हाय. पगाराचं तुमी मंग भांडा. आधी हे सांगा."

"माताजी, आमच्या जाहीरनाम्यात या विषयाचा–"

"जाहीरनाम्यात जाऊन बसू काय?"

आता सगळेच हसले. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले होते. अभिमान वगैरे काही वाटला नाही. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

पुढारी गेले, कॅमेरे गेले. संध्याकाळी परवानगीची वेळ संपली तरी बायका उठेनात. त्यांना ताब्यात घ्यायचा हुकूम झाला. साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना तुम्हीच उठवा. दुसऱ्या कोणी हात लावलेला बरा दिसणार नाही."

मी वाकले. "आई, उठा."

"नाही उठत. उचल."

दुसऱ्या एका शिपाईबाईनं पाय धरले, मी काखेत हात घातले. त्या मुद्दाम अंग जड करत होत्या. तोंडानं घोषणा चालूच होती. घोषणेच्या मधेच माझ्या कानाशी म्हणाल्या, "नीट धर व, कंबर दुखून राहिली." गाडीपर्यंत आम्ही त्यांना तसंच नेलं. ठाण्यात नावं लिहून घेतली, चहा दिला आणि सगळ्यांना सोडलं.

ड्युटी संपवून मी घरी आले तेव्हा त्यांनी भाकरी टाकल्या होत्या. दोघी जेवायला बसलो.

"राग आला काय?"

"चारचौघात ते बोलाले नको होतं."

"मंग काय बोलू? पगाराचं मले काय समजते?"

नंतर माझ्याकडून खुलासा मागवला गेला. सासूबाई स्वतंत्र नागरिक आहेत, एवढंच मी लिहून दिलं. पुढं त्याचं काही झालं नाही. काही महिन्यांनी माझी अकोल्याला बदली झाली. ती मी कितीतरी दिवसांपासून मागत होते. आता दिली ती शिक्षा म्हणून की उपकार म्हणून, हे मी विचारलं नाही.

पगाराचा विषय विधानसभेत निघाला. मी तो टीव्हीवर बघितला. दोन्ही बाजूंनी जवळपास तीच वाक्यं म्हटली, मग समिती नेमली गेली. आठ तासांची ड्युटी सुरू झाली आणि गणपतीपर्यंत टिकली. मला बहीण म्हणालेले पुढारी निवडून आले. अकोल्यातल्या त्यांच्या एका सभेला मी बंदोबस्तावर होते. त्यांनी मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. मैदानाच्या कडेला महिला पोलिसांसाठी शौचालयाची गाडी उभी होती. ती आता मोठ्या बंदोबस्ताला येते. दुपारपर्यंत तिच्यातलं पाणी संपतं, पण गाडी येते.