रजिस्टरात न आलेली लेकरं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. त्या काळी आमच्या भागात एसटीडीचे बूथ नवे नवे निघत होते आणि मी एका संघटनेची पत्रकं लिहीत होतो. दर गुरुवारी दुपारी घाटनांदूरच्या पुढच्या एका गावातल्या मदरशात लोकशाहीचा वर्ग घ्यायचो. मौलाना वयस्कर होते. गावाचा विरोध पत्करून त्यांनी मला आत घेतलं होतं. त्यांची एकच अट होती, "पोरांना सवाल करायला शिकवा. जवाब आम्ही बघतो."

बाकीचे दिवस मी जन्मदर काढत फिरायचो. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरातले जन्म मोजायचे, जनगणनेतल्या लोकसंख्येशी ताडायचे, हजारी दर काढायचा आणि त्यावरून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधायचा. मदरशाच्या गावाचा दर आजूबाजूच्या गावांपेक्षा बराच वर निघाला. मी पत्रकात ठळक छापलं : शिक्षण मागे, तिथे जन्म जास्त. हेतू मुलींच्या शाळेची मागणी करण्याचा होता. पण एका पुढाऱ्याने ते वाक्य बाजारच्या दिवशी माईकवर वाचलं, शाळेची मागणी गाळून. पुढे 'हे लोक' म्हणून काय काय जोडलं, ते मी लिहिणार नाही.

पुढच्या गुरुवारी गेलो तेव्हा वर्गात निम्मी मुलं नव्हती. पंक्चरवाल्याचा मुलगा पत्रक घेऊन उभा राहिला.

"सर, हे कसं मोजलं तुमी?"

"रजिस्टरावरून."

"आमच्या शेजारच्या वस्तीचं बी?"

"सगळ्यांचं."

"मंग त्यांची लेकरं न्हाईत त्यात. दिवाळीनंतर समदी वस्ती ऊस तोडायला जातीय. लेकरं तिकडंच फडात व्हत्यात. कोन नोंद करतंय? आमचा बाप दुकान सोडून कुठंच जात न्हाई. आमी भावंडं समदी रजिस्टरात हाव."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, नोंद केली हाच गुन्हा झाला का बे आमचा?" मुलं हसली. मौलाना हसले नाहीत, आणि 'बे' म्हटल्याबद्दल ते पोराला रागावलेही नाहीत.

मी बीड जिल्ह्यातला. कोयते घेऊन निघालेल्या बैलगाड्या लहानपणापासून बघितलेल्या. तरी निम्मं वर्ष रिकाम्या असणाऱ्या गावांचा दर मी काढला आणि तो कमी आला म्हणून त्यांना शहाणं ठरवलं.

संघटनेच्या कार्यालयात दुरुस्ती छापा म्हणालो. आमचे अध्यक्ष चहा ढवळत राहिले. "आकड्याची चूक लोक विसरतात रे. माफी छापली की तीच लक्षात राहते." म्हणजे दुसऱ्याची बदनामी चालेल, आपली नको! मी बाहेर पडलो तो कायमचा.

चैत्रात वस्त्या परतल्यावर घरोघर गेलो. आया अंगणात बसून कारखान्यांची नावं घेत लेकरांची वयं सांगायच्या : हे त्या कारखान्याच्या फडातलं, ही वाटेत गाडीत झालेली. तक्ता नव्याने मांडला. दोन्हीकडच्या दरात बोट ठेवावं असं अंतर उरलं नाही. तो घेऊन मौलानांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"मला का सांगता? मी कुठं तुमचं पत्रक खरं मानलं होतं? बाजारात सांगा."

"सांगतो. वर्ग चालू ठेवाल?"

"पोरांचे बाप घाबरलेत, बेटा. म्हणतात, सवाल शिकवणारा येतो आणि आमच्या घरांची गिनती करून जातो. मी कोणत्या तोंडाने बोलावू?"

बाजारच्या दिवशी त्याच चौकात उभा राहिलो. माईक नव्हता. दुरुस्ती मोठ्याने वाचली. भाजीवाल्या बायका थोडा वेळ थांबल्या. एकजण जवळ येऊन म्हणाला, "लई कळवळा आलाय. कावून बे, तिकडचा झाला का तू?"

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. तो निघून गेला. मदरशातला वर्ग पुन्हा भरला नाही.