वर कितीला, खाली कितीला

गेल्या पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी सहा वाजता, परभणीतल्या एका शेअर क्लासमध्ये माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. फसवणारा क्लासचा सर. साक्षीला भरलेला हॉल. त्यात मीही.

ताईने तीन वर्षं बालवाडीत शिकवून बी.एड.ची फी साठवली होती. थोडी कमी पडत होती, तेवढ्यासाठी ती आली. सरांनी एका शेअरचे महिनाभराचे भाव छापून वाटले; रोजचा फक्त बंद भाव, म्हणजे बाजार बंद होतानाचा. आकडे जवळपास सारखेच.

"बघा, किती शांत शेअर हाय! सकाळी घ्या, दुपारी विका. ब्रोकर आपल्या पैशाच्या पाचपट माल देतो. तीन टक्के खाली स्टॉपलॉस लावा, तिथं आला तर आपोआप विकला जाईल. पण तिथवर येतच न्हाई."

आमचे आबा मेंढरं घेऊन बोरीच्या बाजारात जातात तेव्हा शेवटचा सौदा कितीला झाला हे विचारत नाहीत. विचारतात, "वर कितीला गेलं, खाली कितीला आलं?" अंतर लय असलं की बाजार बिथरलाय, मेंढरं माघारी. ताईने उभं राहून तेच विचारलं.

"सर, एका दिवसात ह्यो वर कितीला जातो न् खाली कितीला येतो?"

"ताई, हा मेंढरांचा बाजार न्हाई!"

हॉल हसला. मीही हसलो. ती खाली बसली.

सरांनी सांगितलं तसे तिने फीचे पैसे लावले. आठ दिवसांत चार वेळा स्टॉपलॉस लागला. दर वेळी भाव आपटायचा, तिचा माल विकला जायचा, आणि बाजार बंद होताना भाव पुन्हा जिथल्या तिथं. निम्मी फी गेली. प्रवेशाची मुदतही गेली.

मग मी सरांनी छापलेल्या त्याच महिन्याचे रोजचे उच्चांक-नीचांक मोबाइलवरून वहीत उतरवले. वजाबाकी केली, नीचांकाने भागलं. शाळेतलं गणित. बंद भाव अर्धा टक्का हलत होता, आणि दिवसाच्या पोटात रोज चार-पाच टक्क्यांची उलथापालथ. कागद सरांपुढे ठेवला.

"बाजारात जोखीम असतेच, दादा."

असते. ती मोजायचे आकडेही असतात. ते सरांनी वाटले नाहीत.

ताई एवढंच म्हणाली, "सगळे हसले, तवा मलाच वाटलं, मी अडाणी."

आता सर म्हणतात, असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तक्रार लिहून तयार आहे. तुम्ही त्या हॉलमध्ये होतात, तर तिने विचारलं होतं असं लिहून द्या. आपण हसलो, हेही लिहा. माझी सही झाली आहे. तुमची करा.