दंडारीतला चिनी व्यापारी

गोंदियाला रेल्वेतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत डास पळवायच्या मलमाच्या तीन ट्यूबा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, टॉर्च आणि बायकोने लिहून दिलेली सूचनांची यादी होती. पहिली सूचना 'जंगलात एकट्याने जाऊ नये' अशी होती. मी लोकनाट्यावर लिहितो, म्हणजे पुण्यात बसून लिहितो. यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी सरळ विचारलं, "तुम्ही दंडार प्रत्यक्ष पाहिली आहे का हो?" त्या एका प्रश्नाने मला घराबाहेर काढलं.

दंडार (भर दिवसा, गावच्या चौकात होणारं नाचगाण्याचं नाटक) पाहायची तर मंडईतच पाहावी, असं डोमाजी नावाच्या दंडारीतल्या जुन्या सोंगाड्याने फोनवर सांगितलं होतं. मंडई म्हणजे इकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. त्या दिवशी घराघरांत पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, भांडणंही निघतात. डोमाजी बालाघाट जिल्ह्यात, लांजीजवळच्या एका गावात राहतात. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना पाहुणे आधीच पुष्कळ आहेत. पंचक्रोशीत डोमाजींची ओळख 'चायना' अशी. दंडारीत गावाला फसवायला आलेल्या चिनी व्यापाऱ्याचं सोंग ते वीस वर्षं करत आहेत. तोंडाला हळद, सुतळीच्या लोंबत्या मिशा, 'चिंग चांग चुंग' अशी भाषा आणि शेवटी टेबलावरून कुंगफूची उडी. ती उडी पाहायला लोक ट्रॅक्टर करून येतात म्हणे.

लांजीच्या बसथांब्यावर उतरलो. "माही सून येईन घ्याले," असा निरोप होता. सून काही दिसेना. एक तरुण बाई स्कूटी घेऊन उभी होती. गोल चेहरा, बारीक डोळे. मला वाटलं, पर्यटक असावी, कान्ह्याच्या जंगलाची वाट चुकली असावी. परक्या माणसाशी हिंदी मोठ्याने आणि तुकडे करून बोललं की त्याला कळतं, अशी आम्हा पुणेकरांची समजूत आहे.

"आप… यहाँ… कैसे?" मी विचारलं.

"तुमालेच घ्याले आली, काकाजी," ती म्हणाली. "मी डोमाजीची सून. यापी."

मी ओशाळलो आणि ओशाळलेला माणूस हमखास जे करतो ते केलं, म्हणजे कौतुक केलं. "अरे वा! मराठी किती छान बोलता हो तुम्ही!"

"तुमी बी बरी बोलता," असं म्हणून तिने स्कूटी चालू केली.

वाटेत धान कापलेली शेतं होती आणि रस्त्यात पेंढ्यांची बैलगाडी आडवी झालेली होती. कडेने पायी जावं म्हणून मी उतरलो आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात गेला. बूट काढायला यापीने मदत केली, हसली मात्र नाही. तेवढ्या वेळात तिची हकीकत कळली. ती अरुणाचलची. डोमाजींचा मुलगा तिकडे रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवत होता, तिथे लग्न झालं. आता तो लामत्याकडे कामाला आहे आणि ही सासरी शिवणकाम करते.

"दोन वर्षं झाले," ती म्हणाली. "घरातल्याशिवाय कोनाले माहं नाव माहीत नाई. समदे चायनावाली म्हनते. आज दंडारीत मी काम करून राह्यली. आज नाई जमलं त मंग जन्मभर चायनावालीच."

जेवायला भात, लाखोरीची डाळ आणि पोपटाच्या शेंगांची भाजी होती. पोपट म्हणजे वालाचाच प्रकार आहे, हे कळेपर्यंत मी जरा थबकलो होतो. शेजारी डोमाजींची बहीण बसली होती, बिरश्याहून मंडईला आलेली. तिने वाढणाऱ्या यापीला सगळ्यांदेखत विचारलं, "काहून वो, तुमच्याकडं साप खाते म्हनते, खरं काय?" यापीने तिच्या पानात भात वाढला आणि ती आत गेली.

डोमाजी मला ओसरीवर घेऊन गेले. उंच, वाळके, बोलताना खाली बघणारे. सोंगाचा जुना अंगरखा फाटला, म्हणून त्यांनी सुनेला नवा शिवायला सांगितला होता. "म्या म्हनलं, तुले त माहीतच असन चायनाचा ड्रेस कसा राह्यते. सून म्हने, मामाजी, मी चायना टीव्हीतच पाह्यला, तुमच्यासारखा. शिवून देतो, पन मले दंडारीत काम पाह्यजे." दंडारीत बायांची कामं पुरुषच करतात. मंडळी तयार होईनात. डोमाजी अडून बसले, तेव्हा तिला दुभाष्याचं काम मिळालं. "आता पुरं नातं पाह्याले आलं," ते म्हणाले. "लोकं नाई हसले त माही वीस वर्षं गेली, अन् तिचं त समदंच गेलं." मला फार वाईट वाटलं आणि धीर कसा द्यावा तेही कळेना.

दुपारी चौकात ताडपत्री बांधली होती. एका बाजूला चायनीजच्या गाडीवर मंचुरियनला झुंबड होती. गाडीवाला लांजीचाच. चीनशी गावाचं भांडण फक्त नाटकात होतं. मला पाहुणा म्हणून पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, डोक्यावर टोपी, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, चिखलाने भरलेली डावी विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ढोलकी वाजली, हळद लावलेले डोमाजी आले आणि लोक नुसत्या मिशांनाच हसले. दंडारीतल्या पाटलाने हाक दिली, "दुभाषी बोलवा रे!"

यापी आली, डोक्यावर पदर घेऊन, इतर बायांसारखीच. गर्दीतून शिट्ट्या आल्या. "चायना! चायना!"

"विचार त्याले, काय म्हनून राह्यला," पाटील म्हणाला.

डोमाजी 'चिंग चांग चुंग' बोलले. यापीने ऐकून घेतलं आणि लोकांकडे वळली. "मले त काई समजलं नाई. तुमी वीस वर्षं हसून राह्यले, तुमाले समजलंच असन. सांगा ना."

कोणीच हसलं नाही. ढोलकीवालाही थांबला. मागून कोणी ओरडलं, "हे राहू दे, कुंगफू दाखव!" मग सगळेच ओरडू लागले. डोमाजींनी टेबलाकडे पाहिलं. त्यांचा एक पाय सवयीने उचलला गेलेला मी पाहिला. एक उडी मारली असती तर दंडार वाचली असती आणि सून बुडाली असती. त्यांनी पाय खाली ठेवला.

तेव्हा यापी सरळ माझ्याकडे आली. माझी टोपी काढून तिने पदरावरून घातली, बॅग गळ्यात अडकवली आणि लुगडं डाव्या पायावर गुडघ्यापर्यंत खोचलं. मग नाक वर करून, लंगडत, डोमाजींपुढे जाऊन ओरडली, "आप… यहाँ… कैसे?"

आधी नुसती खसखस पिकली.

"अरे वा! मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" ती पाटलाकडे वळली. आवाज थेट आमच्या सदाशिव पेठेतला. "तुम्ही बालाघाटचे का? मग वाघ घरी रोज येतो की सुट्टीच्या दिवशीच? आणि नक्षलवादी कुठे बसतात? किती साधे, किती भोळे हो तुम्ही लोक!"

चौक फुटला. हे प्रश्न तिथल्या प्रत्येकाने नागपुरात, पुण्यात, कुठल्या ना कुठल्या नोकरीत ऐकलेले होते. लोक माझ्याकडे बोट दाखवून डोळे पुसत होते. मीही हसत होतो. तशा वेळी दुसरं करता येत नाही.

त्याच हशात ती पुढच्या रांगेत बसलेल्या डोमाजींच्या बहिणीपुढे, आत्याबाईपुढे, जाऊन उभी राहिली. "बाई, तुमच्याकडे साप खातात म्हणे. खरं का?"

"साप कायले खाईन मी?" आत्याबाई ताडकन म्हणाली. "मी काय चायनावा—"

आणि थांबली. सगळा चौक तिच्याकडे बघत होता. आत्याबाईने तोंडाला पदर लावला. पहिले डोमाजी हसले, मग पाटील, मग आत्याबाईचा पदरही हलायला लागला. पुढची दंडार मला नीट ऐकूच आली नाही, इतका गोंधळ होता.

कार्यक्रम संपल्यावर डोमाजी कानामागची हळद धूत होते. "वीस वर्षांत पह्यल्यांदा मंडईनंतर गुडघा नाई दुखला," ते म्हणाले. टोपी मला परत मिळाली.

सकाळी यापी मला लांजीला सोडायला निघाली. हापशीवरच्या बाया तिला बघून हात हलवत ओरडल्या, "ओ पुणेवाली! कुठी चालली वो?" पुढे चहाच्या टपरीवरही तेच. तिला चायनावाली कोणी म्हणत नव्हतं. मला राहवेना. "अहो, पण तुम्ही पुण्याच्या कुठे दिसता?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

या वेळी ती हसली, अगदी मोकळी. "दोन वर्षं चायना, आता पुनं," ती म्हणाली. "जवळ येऊन राह्यली ना, काकाजी. पुढच्या मंडईपर्यंत गावात पोचीन."

बस सुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुण्याला घरी पोचलो आणि प्रवास फार लांबचा झाला म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो. यापीला मात्र स्वतःच्या घरापासून स्वतःच्या गावापर्यंत जायला अजून एक वर्ष लागणार होतं.