‘थिंग’वाले काका

नोव्हाय या आमच्या अमेरिकन गावातल्या मराठी माणसाला एक वेळ मोदकाची उकड जमणार नाही, पण ‘थिंग’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ मुळात काय होता हे तो झोपेतही सांगेल. याचं सगळं पाप आमच्या काकांच्या माथी आहे. काका माझे नात्याने कुणी नाहीत. मी ऐन जानेवारीत या देशात उतरले, तेव्हा अंगावर एक स्वेटर होता आणि ओळखीचं कुणीच नव्हतं. इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी काका-काकूंना फोन केला. ते विमानतळावर मला घ्यायला आले, काकूंनी आपला जाड कोट मला घातला, आणि भाड्याची जागा मिळेपर्यंत मी त्यांच्याच घरी राहिले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. घेतलेले उपकार विसरू नयेत एवढं तालुक्याच्या शाळेत पक्कं शिकवलेलं. त्यामुळे काका बोलू लागले की मंडळातले बाकीचे लोक कॉफी आणायला उठतात आणि मी बसून राहते.

काका गाड्यांच्या गिअरबॉक्सचे इंजिनिअर होते. नोकरीची सगळी वर्षं मीटिंगांत गेली असं त्यांचं म्हणणं. कंपनीने काही महिने जर्मनीला पाठवलं, तर तिथे मीटिंगा आणखी लांब. अशाच एका मीटिंगमध्ये कंटाळून, हा छळ मुळात सुरू कुणी केला ते शोधायचं त्यांनी ठरवलं, आणि शोधता शोधता हा पाच अक्षरांचा शब्द त्यांच्या हाती लागला. तो पुन्हा सुटलाच नाही. आज इंग्रजीत ‘थिंग’ म्हणजे कुठलीही वस्तू. पण फार पूर्वी ‘थिंग’ म्हणजे सभा होती. गावातली माणसं ठरलेल्या दिवशी उघड्यावर जमायची, तंटे सोडवायची, कायदे ठरवायची. सभेवरून शब्द सभेतल्या विषयावर आला, विषयावरून कुठल्याही बाबीवर, आणि घसरत घसरत शेवटी चमच्या-वाटीवर. जर्मनमध्ये तोच ‘डिंग’. डच लोकांकडे त्याच्याच पोटातून कोर्टातल्या खटल्याचा शब्द निघाला. नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलँडच्या संसदांच्या नावांत तो अजून मूळच्या मानाने बसलेला आहे. “आणि आपल्याकडे बघ,” काका पुढे सरकून म्हणतात, “गोष्ठी म्हणजे सभा, त्यातलं बोलणं म्हणजे गोष्ट, आणि आता कुठलीही गोष्ट म्हणजे गोष्ट! तिकडे जे झालं तेच इकडे झालं!” पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर खरंच काटा आला होता. त्यानंतर मात्र काटा यायचा तो फक्त काकांनी घसा खाकरला की.

दुकानात बिल करणाऱ्या मुलीने सवयीने “एनीथिंग एल्स?” विचारायचा अवकाश, काका कोपर टेकवून उभे राहतात आणि मागची रांग शेजारच्या काउंटरकडे वळते. एकदा छातीत दुखलं म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने आत येताच “सो, हाऊ आर थिंग्ज?” म्हटलं. काकांनी छातीवरचा हात काढला आणि आइसलँडपासून सुरुवात केली. डॉक्टरने बिचाऱ्याने स्टेथोस्कोप लावून सांगितलं, प्लीज थोडा वेळ बोलू नका. काकू बाहेर बसून म्हणाल्या, “आत गेलेत ते पेशंट म्हणून, पण थकून डॉक्टर येईल बघ बाहेर.” मला गाडी चालवायला काकांनीच शिकवलं. हायवेवर मी घामाघूम होऊन लेन बदलते आहे आणि हे शेजारून मंगळवाराला जर्मनमध्ये जे म्हणतात त्याचा सभेच्या देवाशी संबंध समजावताहेत. आमचा एक्झिट गेला, पुढचाही गेला. “काका, आता काय करू?” “काही नाही. सरळ चल. मुद्दा अजून पुरा झाला नाही.”

सगळ्यात संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. काकाच सांगतात की काही अभ्यासकांच्या मते या शब्दाचा अगदी मूळचा अर्थ ‘ठरलेली वेळ’ असा असावा. आणि हे ते सांगतात ठरलेली वेळ टळून गेल्यावर.

मंडळाची मराठी शाळा मी चालवते. दर रविवारी सकाळी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत. मुलं कमी होत होत गेल्या हिवाळ्यात पाच-सहाच उरली. खोलीचं बुकिंग पुढे चालू ठेवायचं की शाळा बंद करायची, ते मार्चमधल्या वार्षिक सभेत ठरणार होतं. त्या दिवशी नाही ठरलं तर खोली योगा क्लासकडे जाणार होती. आता आमच्या मंडळाची पद्धत अशी, की महत्त्वाचा विषय नेहमी जेवणानंतर. म्हणजे निदान जेवायला तरी लोक येतात. आणि जेवण झालं की उरलेल्या पुलावाचे डबे भरून घेऊन सगळे पार्किंगमधून पसार होतात, आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. म्हणून मी अध्यक्षताईंच्या हातापाया पडून या वेळी शाळेचा विषय जेवणाआधी घ्यायला लावला.

आमचे खजिनदार नागपूरचे. ते स्पष्टच म्हणाले, “मुलं येत नाहीत, तर कुणासाठी चालवायची? मी तर म्हणतो कॅन्सल करून टाकू. पोल पाठवतो फोनवर, घरी जाऊन व्होट करा.” मी उत्तर द्यायला उठते आहे तोच काका उठले. मला वाटलं, शाळेच्या बाजूने बोलतील. ते म्हणाले, “पोल? सभा म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.”

मी डोळे मिटून घेतले. पुलाव झाकणाखाली थंड झाला, मुलं टेबलाखाली शिरली, आइसलँड येऊन गेलं, नॉर्वे झालं. काकू दोनदा “अहो” म्हणाल्या. डच कोर्टापाशी पोचलो होतो तेवढ्यात सेंटरचा माणूस आला आणि म्हणाला, तुमची वेळ संपली, पुढची पार्टी बाहेर थांबली आहे. न जेवता, न ठरवता, ट्रे हातात घेऊन आम्ही सगळे पार्किंगमध्ये. वारा असा की कान सुन्न झाले. मला रडू येत होतं आणि काकांकडे बघायची इच्छा नव्हती.

“कुणी गाडीत बसू नका!” काका ओरडले. “गोल उभे राहा. असंच करायचे ते. उघड्यावर. एकेकाने समोरच्याकडे बघून तोंडाने सांगायचं.”

“यार काका, बोटं गळून पडतील!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“मग लवकर सांग.”

आणि काय सांगू, लोक खरंच गोल उभे राहिले. माझ्याकडे बघून ‘बंद करा’ म्हणणं कुणाला जमेना. एकेक जण “चालू दे”, “राहू दे गं” म्हणत गेला. खजिनदारांची पाळी आली तेव्हा त्यांच्या गाडीची काच खाली झाली आणि त्यांची लेक ओरडली, “बाबा, कॅन वी गो? आय ॲम स्टार्व्हिंग!” त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “चालू ठेवा,” ते म्हणाले. “हिला पाठवतो.”

शेवटी काका राहिले. सगळ्यांनी खांदे पाडले. काका म्हणाले, “हो.” बस्स. एवढंच.

परतताना मी त्यांच्याच गाडीत होते. काकूंनीच हळूच सांगितलं, की त्यांची मुलं लहान होती तेव्हा इथे अशी शाळा नव्हती. आता दूर मॉरिसव्हिलला राहणारा नातू फोनवर “हाय आजोबा” म्हणतो आणि फोन आईकडे देतो. त्याच्यापुढे यांना शब्द सुचत नाहीत.

पुढच्या रविवारी काका खोलीच्या दारात उभे दिसले, कोट न काढता. आत मुलं बसली होती, खजिनदारांची लेकही. मी म्हटलं, “काका, आत या ना.”

“नको गं. मी बोलत बसेन. तुझा तास जाईल.”

धडा मोठा होता आणि तास आधीच उशिरा सुरू झाला होता. मी त्यांच्या अंगावरचा कोट उतरवून घेतला, मुलांच्या मधोमध खुर्ची ओढली आणि पुस्तकं मिटायला सांगितली.