टर्बो, सुपरचार्जर आणि मागे उभे अण्णा

पापनाशमच्या अलीकडे एका गावात भाताच्या खळ्यावरून कालव्याच्या बांधावर चढणारा एक रस्ता आहे. रस्ता आपला म्हणायला. ट्रक जेमतेम मावेल असा मातीचा चढ. वर पोचलं की लगेच डावीकडे वळायचं, नाहीतर समोर पाणी. गेली बावीस वर्षं मी तिथून भाताची पोती तंजावूरच्या गिरणीवर आणतो आहे, आणि गेली बावीस वर्षं त्या चढाची मला धास्ती वाटते.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं आमचं मराठी घर. आजोबा-पणजोबा सगळे कारकून. लेखणी सोडून स्टिअरिंग धरलं ते आम्ही दोघा भावांनीच. मी चालवतो. अण्णा, माझे थोरले भाऊ, पोती चढवून घेतात आणि चढ आला की खाली उतरून ट्रकच्या मागे उभे राहतात. हातात बाभळीचा एक लाकडी ठोकळा. गाडी हातभर पुढे सरकली की मागच्या चाकाला ठोकळा लावायचा, आणखी सरकली की उचलून पुन्हा लावायचा. मध्येच गाडीचा दम गेला तर ती ठोकळ्यावर अडते. इकडच्या सगळ्यांसारखे तेही त्याला कट्टै म्हणतात. चाळिशीत हे काम ते हसतखेळत करायचे. आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत आणि डावा गुडघा दुखतो.

गेल्या वर्षी हिवाळी सांबा भाताची कापणी चालू असताना गाडी चढावर अडखळली आणि मागे आली. फार नाही, दोन विती. ठोकळा लागला, गाडी थांबली. मी धावत मागे गेलो तर अण्णा एका पायाने अनवाणी उभे, आणि त्यांची एक चप्पल चाकाखाली. चप्पल जुनीच होती, म्हणाले. त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही.

इंजिन तसंही उघडावं लागणार होतं. बायपासजवळच्या मेकॅनिकला मी सांगितलं की मला जोर हवा. त्याने दोन वाटा दाखवल्या. टर्बो बसवायचा, नाहीतर कोइंबतूरला त्याच्या ओळखीचा एकजण पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर बसवून देतो, तो आणायचा. टर्बो धुरावर फिरतो, मेकॅनिक समजावून सांगत होता. पाय दाबला की धूर वाढतो, धुराने पंखा फिरतो, पंखा इंजिनात हवा कोंबतो आणि मग जोर येतो. मधे एक क्षण काहीच होत नाही. सुपरचार्जर इंजिनालाच पट्ट्याने बांधलेला, त्यामुळे पाय दाबताक्षणी ओढतो. मात्र तो इंजिनाचीच ताकद खातो आणि डिझेलही जास्त पितो. रोजच्या कामाला टर्बोच, असं त्याचं मत. इथपासून कुंभकोणमपर्यंत कुठेही दुरुस्त होतो.

त्याचं बोलणं पटण्यासारखंच होतं. पण माझं मन त्या एका क्षणात अडकून बसलं. मेकॅनिकसाठी तो नुसता क्षण होता. माझ्यासाठी त्या क्षणात ट्रकच्या मागे अण्णा उभे होते.

मग मी सुपरचार्जर घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला विचारलं, पट्टा तुटला तर? तो म्हणाला, तुटला तर जोर जागच्या जागी जाईल, पण सहसा तुटत नाही. सहसा हा शब्द माझ्यासारख्या माणसाला सांगू नये. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तो पट्टा लागला. आठवडाभर मी सकाळी टर्बो आणि संध्याकाळी सुपरचार्जर ठरवत होतो. मेकॅनिक माझा फोन उचलेनासा झाला.

खरी गोष्ट मला तेव्हाही ठाऊक होती. अण्णांना मागे उभं राहू नका असं सांगितलं असतं तर निम्मा प्रश्न मिटला असता. पण आमच्या घरात थोरल्यांना तोंडावर सांगायची पद्धत नाही. काही सांगायचं झालं तर वहिनीच्या कानावर घालायचं, मग ती पानात सांबार वाढता वाढता विषय काढणार. तेही करून पाहिलं. वहिनीने दोनदा विषय काढला. अण्णांनी ताकभात कालवला आणि गिरणीच्या वजनकाट्याबद्दल बोलू लागले. एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी मी अख्खं इंजिन बदलायला निघालो होतो. असा मूर्खपणा आमच्याच घरात होऊ शकतो.

शेवटी टर्बो बसवला. पट्ट्याची भीती त्या क्षणाच्या भीतीहून मोठी ठरली, एवढंच. मेकॅनिकने बजावलं की चढ चढल्यावर लगेच बंद करायचा नाही, दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, नाहीतर तापलेला टर्बो आतून जळतो.

या वर्षीची पहिली खेप भरली. अण्णा ठोकळा घेऊन मागे गेले. मी पाय दाबला. तो रिकामा क्षण आला, मग खरंच कोणी पाठीमागून ढकलावं तशी गाडी उठली. अर्धा चढ झाला. आणि जोर गेला. गाडी थरथरली, मागे आली आणि ठोकळ्यावर बसली. मी हँडब्रेक ओढला. टर्बोला, मेकॅनिकला आणि स्वतःला मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो, तेवढ्यात अण्णा लंगडत खिडकीशी आले.

"तूं आरशात मज पाहतोस," ते म्हणाले. "पाहिलास की पाय उचलतोस. गाडी काय करील?"

ते खरं होतं. गेल्या वर्षी तेच झालं होतं, त्याआधीही कितीदा. पाय उचलला की धूर कमी, धूर कमी की जोर कमी. सुपरचार्जर असता तरी पाय माझाच होता.

"अण्णा, मागे उभे राहू नका," मी म्हणालो. "इथे माझ्या शेजारी येऊन बसा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं काही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं. त्यांनी मागे चाकाकडे पाहिलं, ठोकळा पक्का बसला आहे ना ते बघितलं आणि सरी, म्हणजे बरं, असं म्हणून गाडीला वळसा घालून वर चढले. गुडघ्यामुळे त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

मी पाय दाबला आणि दाबूनच ठेवला. आरशात पाहण्यासारखं आता काही नव्हतं. गाडी चढली, वर डावीकडे वळली आणि बांधावर उभी राहिली. ठोकळा खाली चढावरच राहिला. अण्णा तो आणायला उतरू लागले, तेव्हा मी म्हणालो, "नक्को, बसा. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आहे."

ते बसले. पण दाराची मूठ त्यांनी अजून घट्ट धरून ठेवली होती. गाडी तर केव्हाच थांबली होती. मी विचारलं की मागे उभं राहताना भीती वाटायची का.

"रोज," ते म्हणाले.

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, मी विचारलं. ते समोर पाण्याकडे पाहत होते.

"तुज कळलं असतं तर तूं पाय आणखीन उचलला असतास."

दोन मिनिटं कधी होऊन गेली ते कळलं नाही. मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि चढावरून ठोकळा उचलून आणला.